तरुण पोरं पाहिजेत!

देवळं, आश्रम, चर्च... सध्या सगळ्यांनाच आपण हवे आहोत. आपण म्हणजे बावीस ते पस्तीस. पण नक्की कशासाठी?

रविवार सकाळ, सव्वानऊ. आदल्या रात्री दोनपर्यंत एका क्लायंटचं ब्रोशर लिहीत बसले होते, त्यामुळे माझ्यासाठी ती पहाटच. मोबाइल वाजला. स्क्रीनवर ‘बाबा’.

‘झोपलीयेस का?’

‘नाही, बोला ना.’ (झोपलेल्या माणसाने द्यायचं ठरलेलं उत्तर.)

‘अगं, तू त्या मीडियाबिडियात आहेस ना? आमच्या मंडळात तरुण पोरं पाहिजेत. काय करता येईल बघ.’

दुकानाबाहेर पाटी असते ना, ‘डिलिव्हरीसाठी तरुण मुले पाहिजेत, स्वतःची गाडी असल्यास प्राधान्य’, अगदी तोच टोन. मी हसले. बाबा हसले नाहीत.

बाबांचं मंडळ म्हणजे पुण्यातल्या एका पेठेतल्या विठ्ठलमंदिरातलं भजनी मंडळ. देऊळ एवढंसं. दोन्ही बाजूंनी पाच-पाच मजली इमारती उभ्या राहिल्यात, त्यामुळे कळस बघायचा तर समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर चढावं लागतं. दर बुधवारी साडेसात ते नऊ भजन, एकादशीला थोडं जास्त. बाबा पखवाज वाजवतात, वयाच्या सतराव्या वर्षापासून. बँकेतून रिटायर झाले, पखवाजातून नाही.

एके काळी मंडळात तीस माणसं होती. कोविडमध्ये दोघं गेले, एक काका मुलाकडे बंगळुरूला गेले, काहींचे गुडघे गेले. उरले नऊ. त्यातले सर्वांत लहान अठ्ठावन्न वर्षांचे. बाकीचे त्यांना अजून ‘पोऱ्या, सतरंजी घाल रे’ म्हणतात. बाबांचा उजवा खांदा धरलेला. त्यात विश्वस्तांनी सुचवलं, बुधवारी सभामंडप योगा क्लासला भाड्याने देऊ या का? ते काही वाईट लोक नाहीत, देवळाचं लाइट बिल कुणीतरी भरायला हवंच. पण ‘काय करता येईल बघ’ म्हणताना बाबांच्या आवाजात जे होतं, ते त्यांच्या निरोप समारंभातही मी ऐकलं नव्हतं.

मी कामाला लागले. मास कॉम केलेल्या मुलीला दुसरं काय येतं? आधी रिसर्च. बाकीचे लोक तरुणांना कसं ओढतात ते बघायचं. आणि काय सांगू, आपल्याला भयंकर मागणी आहे!

इस्कॉनचंच घ्या. १९६६ साली न्यू यॉर्कमध्ये दुकानाच्या एका गाळ्यात ही संस्था सुरू झाली. प्रभुपादांकडे तिथली हिप्पी पोरं यायला लागली, ती तत्त्वज्ञानाइतकीच रविवारच्या जेवणासाठी. ती रविवारची मेजवानी आजही चालू आहे. जोडीला तरुणांसाठी वेगळे वर्ग: ताण कसा घालवायचा, मन एकाग्र कसं करायचं. अप्रेझलच्या महिन्यात कुणाला नको असेल हे?

कॅथलिक चर्चची तर स्केलच वेगळी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘जागतिक युवा दिन’ सुरू केला, पहिला १९८६ साली रोममध्ये. तेव्हापासून दर काही वर्षांनी एकेका शहरात जगभरातली पोरं पाठीवर सॅक टाकून जमतात. २०२३ मध्ये लिस्बनला जमली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चर्चने कार्लो अक्युटिसला संत घोषित केलं. १९९१ चा जन्म, पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेला, कॉम्प्युटरवेडा मुलगा. असिसीमध्ये त्याचं शरीर दर्शनासाठी ठेवलंय, अंगात जीन्स, पायात स्पोर्ट्स शूज. आपल्या पिढीतला संत, बॉस!

आपल्याकडेही कमी नाही. मोठ्या देवस्थानांचं लाइव्ह दर्शन कधीचंच आलंय. मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२० राज्यातली देवळं बंद होती, तेव्हा तर देव फक्त स्क्रीनवरच भेटत होता. आणि आता भजन क्लबिंग. मंद दिवे, गिटार, कीबोर्ड, शेकडो मुलंमुली जमिनीवर बसून टाळ्या वाजवत गातायत. हातात बीअरऐवजी चहा.

मी वहीत निष्कर्ष लिहिला: दिवे, म्युझिक, खाणं आणि फोटो काढायला एक झकास कोपरा. झालं. सोप्पंय की!

इव्हेंटचं नाव ठेवलं ‘अभंग अनप्लग्ड’. फेब्रुवारी २०२५ मधला एक शनिवार. मंडळाच्या शिलकीतले आठ हजार रुपये बाबांनी माझ्या हातात दिले, आणि वर स्वतःचे तीन. कॉलेजमधला एक मित्र गिटार घेऊन आला, त्याच्या मित्राने कीबोर्ड आणला. खांबांना दिव्यांच्या माळा. दारात विठ्ठलाचा सहा फुटी कटआउट, शेजारी कमरेवर हात ठेवून उभं राहायची जागा. ऑनलाइन फॉर्म, नाव आणि फोन नंबर. आणि एकशे चाळीस जण आले! देवळात पाय ठेवायला जागा नाही. लोक गात होते, डोळे मिटून डोलत होते, एक मुलगी तर रडली. मंडळाचे नऊ जण लग्नात मुलीकडची मंडळी बसतात तसे एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, हात मांडीवर ठेवून. पखवाज कोपऱ्यात होता. ‘साउंड बॅलन्स होत नाही,’ असं माझ्या मित्राने सांगितलं होतं.

रील अकरा हजार लोकांनी पाहिलं. बाबांनी मला पहिल्यांदा ‘शाब्बास’ असं मेसेजवर लिहून पाठवलं.

मग बुधवार आला.

बाबांनी आळंदीहून वीस टाळजोड आणून ठेवले होते. नवे, दोऱ्यासकट. पेटीवाल्या काकांच्या घरून तीस जणांचा शिरा आला होता. सतरंज्या दुप्पट घातल्या होत्या. साडेसात वाजले. पावणेआठ. आठला पाच कमी असताना दारात एक मुलगा उभा राहिला. सगळे सावरून बसले. ‘सॉरी,’ तो म्हणाला, ‘शनिवारी माझं हेल्मेट राहिलं होतं इथे.’

हेल्मेट मिळालं. आग्रह झाला म्हणून त्याने बिचाऱ्याने दोन वाट्या शिरा खाल्ला, देवाला नमस्कार केला आणि गेला.

नऊ वाजता बाबा खाली बसून ते वीस टाळजोड एकेक करून पिशवीत भरत होते. दोरा गुंडाळायचा, टाळ ठेवायचा. दोरा गुंडाळायचा, टाळ ठेवायचा. मी मदत करायला वाकले तर म्हणाले, ‘राहू दे.’

घरी चालत जाताना ते एवढंच बोलले, ‘तुमच्या पिढीला हे नकोच आहे.’

आणि मला काय झालं कोण जाणे. मी रस्त्यातच थांबले. म्हटलं, ‘मला हवं होतं, बाबा.’

आता इथे मला पंधरा वर्षं मागे जायला हवं.

मी तेरा वर्षांची होते. दर बुधवारी बाबांबरोबर देवळात जायचे. घरी बाबांचं बघून बघून शाळेच्या बाकावर, डब्यावर, आईच्या पाठीवर ठेका वाजवायचे, आणि भजनी ठेका मला बऱ्यापैकी यायला लागला होता. एका बुधवारी बँकेत क्वार्टर एंडिंग होतं, बाबांना उशीर झाला. भजन अडलं होतं. पखवाज समोर होता, डाव्या बाजूला कणीक लावून तयार. मी बसले आणि वाजवायला लागले. दोन-तीन मिनिटं असेल. दोन-तीन टाळकऱ्यांनी ताल धरलासुद्धा. मग विणेकरी आजोबा अगदी हळू आवाजात, न रागावता म्हणाले, ‘बाळ, मुली टाळ वाजवतात. ऊठ.’

मी मान वर केली तर बाबा दारात उभे होते, खांद्याला बॅग. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. ते आत आले, मी उठले, ते बसले. आणि भजन सुरू झालं.

त्यानंतर दोन बुधवार मी टाळ वाजवले. तिसऱ्या बुधवारपासून माझी गणिताची ट्यूशन सुरू झाली. बुधवारीच. घरात सगळ्यांना वाटलं, काय योगायोग! बाईंना ‘बुधवार चालेल’ असं मीच सांगितलं होतं.

तर त्या रात्री रस्त्यात मी हे सगळं बोलून टाकलं. एका दमात, आणि बऱ्यापैकी मोठ्याने. ‘तरुण पोरं पाहिजेत म्हणता. एक आली होती ना? तिला तुम्ही उठवलंत.’ बाबा ऐकत राहिले. घराच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, दम खायला थांबले तेव्हा म्हणाले, ‘तुझ्या लक्षात आहे होय ते?’

त्यांच्याही होतं तर.

त्यानंतर चार महिने आम्ही जेवणाखाण्याचं, आईच्या बीपीचं, पाण्याच्या टँकरचं बोललो. भजनाचं नाही.

जूनमध्ये माझी फ्लॅटमेट म्हणाली, ‘रविवारी चल, आयटी दिंडीबरोबर सासवडपर्यंत.’ ती हिंजवडीत टेस्टिंग करते, आणि गेली तीन वर्षं वारीतला एकेक दिवस चालते. आयटीतली खूप मंडळी असं करतात. आळंदी ते पुणे नाहीतर पुणे ते सासवड, सोमवारी पाय सुजवून पुन्हा डेस्कवर. मी म्हटलं, स्टोरी तरी मिळेल.

२२ जून २०२५. पहाटे भवानी पेठेतून माउलींची पालखी निघाली. हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने पुढे जाते, माउलींची सासवडकडे वळते. टप्पा मोठा, तीस किलोमीटरच्या वर, आणि मध्ये दिवे घाट. घाटापर्यंत मी टिपिकल पत्रकार होते. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि तोंडाने ‘माउली, इकडे बघा ना’.

घाटाच्या पायथ्याशी परभणीकडच्या एका दिंडीतल्या आजी माझ्याजवळ आल्या. सत्तरीच्या असतील. डोक्यावर तुळशीवृंदावन. मला पुढचा-मागचा काही प्रश्न नाही. ‘धर गं माय जरा,’ म्हणाल्या आणि वृंदावन सरळ माझ्या हातात. त्यांना लुगड्याचा काष्टा नीट करायचा होता, पाणी प्यायचं होतं, तंबाखूची चिमूट तोंडात टाकायची होती. सावकाश. तोपर्यंत दिंडी काही थांबत नाही. मग मी चालायला लागले, तुळस घेऊन. दोन्ही हातांनी धरावी लागते, चांगली जड असते. मोबाइल खिशात गेला. पुढच्या बाईची पावलं बघत चालायचं, नाहीतर ओळ मोडते. ओळ मोडली की मागून लगेच आवाज येतो, ‘ए माउली, सरळ!’

आजी मागून आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, ‘चांगली धरलीस. वळणापस्तोर ने.’

त्या वळणापर्यंत मला कुणी इम्प्रेस करायचा प्रयत्न केला नाही. कुणी विचारलं नाही, तुला हे आवडतंय का, पुन्हा येशील का, फीडबॅक फॉर्म भरशील का. मला एक काम दिलं होतं आणि मी ते नीट करत होते. चार महिन्यांपूर्वी एकशे चाळीस जणांना मी काय काम दिलं होतं? टाळ्या वाजवायचं.

मग आजूबाजूला बघायला लागले. तरुण पोरं भरपूर होती की! फक्त ती प्रेक्षकांत नव्हती. कुणी ट्रकवर सामान चढवत होतं, कुणी तंबू ठोकायला पुढे निघालं होतं, कुणी पाणी वाटत होतं. एक एकोणीस वर्षांचा मुलगा पखवाज गळ्यात अडकवून घाट चढत होता. आळंदीत शिकतो म्हणाला. जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून अशी पोरं घडवायची परंपराच आहे तिकडे. त्याला विचारलं, कंटाळा नाही येत? तर म्हणाला, ‘मी नाही वाजवला तर चालणार कसं?’

संध्याकाळी सासवडच्या तळावर समाजआरती पाहिली. पालखी येते, भोवती दिंड्या उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार हातातला चोप वर करतात आणि सगळं शांत. म्हणजे एकदम शांत. आमच्या ऑफिसेसमध्ये मीटिंगला पंधरा माणसं अशी गप्प होत नाहीत. पण एका कोपऱ्यात एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. मला वाटलं, यांना कळलं नाही वाटतं. फ्लॅटमेट म्हणाली, ‘नाही गं, त्यांची तक्रार असणार.’ ज्या दिंडीला काही गाऱ्हाणं असेल ती टाळ थांबवत नाही. मग चोपदार तिथे जाऊन विचारतात, ऐकतात, आणि सुटलं की टाळ थांबतात. दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, आणि मग आरती. त्या दिंडीची तक्रार काय होती, मला लांबून ऐकू आलं नाही. पण चोपदार तिच्यापर्यंत चालत गेलेले मी पाहिले. तक्रार करणारी दिंडी तिथेच उभी होती, निघून गेली नव्हती.

मी तेरा वर्षांची असताना टाळ थांबवले होते. गुपचूप. आणि कुणी विचारायला आलं नाही.

घरी येऊन, पाय गरम पाण्यात ठेवून, रिसर्चची जुनी वही काढली. तीच माहिती, पण मी भलतंच अधोरेखित केलं होतं. इस्कॉनमध्ये पोरगा पहिल्या रविवारी जेवायला येतो हे मी लिहिलं होतं. टिकतो तो पुढे कधीतरी वाढायला उभा राहतो म्हणून, हे नाही. इगतपुरीच्या विपश्यनेवर माझी ओळ होती, ‘दहा दिवस मोबाइल बंद, फी नाही’. पण तिथे शिबिर पूर्ण केलेलीच माणसं पुढच्या शिबिरात सेवा द्यायला येतात, आणि त्यांच्याच दानावर पुढच्या लोकांची सोय होते. आपल्या ढोल-ताशा पथकांचंही तेच ना? नदीकाठी महिना-महिना सराव, हाताला फोड, आणि आयटीतली पोरं ऑफिस सुटल्यावर धावत जातात. त्यांना तिथे कुणी ‘एंटरटेन’ करत नाही. त्यांचा ढोल त्यांची वाट बघत असतो.

दिवे आणि गिटार वाईट नाहीत हो. एकशे चाळीस माणसं काही उगाच आली नव्हती. पण दारातून आत आलेल्या माणसाला आपण खुर्ची देतोय की सतरंजीचं दुसरं टोक धरायला सांगतोय, यावर बरंच ठरतं. आणि सतरंजीपर्यंत ठीक आहे. पखवाज मागितला तर? खरी परीक्षा तिथे आहे. तरुण सगळ्यांना हवेत, पण त्यांनी बसायचं कुठे हे आधीच ठरलेलं असतं.

मी बाबांना काहीच बोलले नाही. फोन त्यांचाच आला. पुन्हा रविवार, पुन्हा सव्वानऊ.

‘झोपलीयेस का?’

‘नाही, बोला ना.’

‘बुधवारी जरा लवकर ये. माझा खांदा काही चालत नाही. कणीक मळता येते ना तुला?’

पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात. घट्ट चालत नाही, सैल तर मुळीच नाही. मला येत होती. तेराव्या वर्षापासून येत होती.

एकशे चाळीस जणांच्या यादीतून मी एकच नंबर लावला, हेल्मेटवाल्याचा. म्हटलं, ‘पखवाज माळ्यावरून काढायला माणूस नाहीये, बुधवारी सातला येशील?’ तो लातूरकडचा, पीजीत राहतो, नाइट शिफ्ट करतो. ‘येतो की,’ म्हणाला. एवढंच. अभंग त्याला एकही पाठ नव्हता. तो पखवाज काढायचा, सतरंज्या घालायचा. अठ्ठावन्न वर्षांच्या ‘पोऱ्या’ला अखेर प्रमोशन मिळालं.

त्या पहिल्या बुधवारी मी पखवाजामागे बसले तेव्हा हात थरथरत होते. बाबा शेजारी, टाळ घेऊन. विणेकरी आजोबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. या वेळी बाबा बोलले, ‘आजपासून हिचा हात.’ आजोबांनी डोळे मिटले आणि विणा छेडली. तिसऱ्या अभंगाला डोळे न उघडता म्हणाले, ‘ठेका पळतोय.’

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पळत होताच तो.

चमत्कार वगैरे काही झालेला नाही. हेल्मेटवाल्याने त्याचा रूममेट आणला. इव्हेंटमध्ये रडलेली मुलगी एकदा सहज डोकावली, आता पेटी शिकतेय. पेटीवाले काका अजून तिला पेटीची किल्ली देत नाहीत, पण ‘पुढच्या एकादशीला बघू’पर्यंत गाडी आलीये. एक मुलगा महिनाभर येऊन ऑनसाइट गेला. योगा क्लासला मंगळवार आणि शुक्रवार मिळाले, लाइट बिल भरलं जातंय. आम्ही आता तेरा आहोत.

मला कुणी विचारलं, तुझा देवावर विश्वास आहे का, तर अजूनही मी ‘माहीत नाही’ म्हणेन. मागच्याच बुधवारची गोष्ट. एका क्लायंटची डेडलाइन होती, मी ठरवलं, आज दांडी. सात चाळीसला मोबाइल वाजला. लँडलाइनचा नंबर. देवळाच्या ऑफिसातून विणेकरी आजोबा, जोरजोरात, ट्रंक कॉल लावल्यासारखे:

‘आज पखवाज येणार आहे का नाही?’

लॅपटॉप मिटला, खाली धावले, रिक्षा पकडली. क्लायंटला मेल रिक्षातूनच टाकला: उद्या सकाळी देते, घरी जरा काम निघालंय.